दोराला दोन हिसके

डोंगरातल्या लांबलचक शिबिरात जिला सगळे ‘भित्री भागूबाई’ म्हणून चिडवायचे, तीच आज लीडर होती. तिने दाट धुक्यातून अख्खी तुकडी कड्यावर चढवली.

शिबिराचा रिवाज होता, की दोरावरच्या शेवटच्या माणसाने दोन हिसके द्यायचे. म्हणजे वर लीडरला कळतं, मी येतोय, धरून ठेव.

माथ्यावर सगळे पोचले. "शाब्बास पोरी! एकालाही मागे ठेवलं नाहीस!" सर म्हणाले. टाळ्यांच्या कडकडाटात तिने मोकळा दोर ओढायला घेतला.

खालून दोन हिसके बसले.

टाळ्या थांबल्या. सरांनी घाईघाईने डोकी मोजली. सगळे वरच होते.

"सोड तो दोर," सर पुटपुटले.

"आज लीडर मी आहे, सर." तिने पाय रोवले आणि धुक्यात हाक मारली, "ये बिनधास्त, मी धरलंय!"

दोरावर माणसाएवढा भार आला.