निळं ठरलं होतं

“भाई, हे हिरवं आहे!” रंगाच्या हौदातून वर आलेलं ठशांनी छापलेलं कापड पाहून माझी बायको कडाडली. “फोनवर निळं ठरलं होतं. पाच दिवसांवर आमच्या दुकानाचं उद्घाटन आलंय. दोनशे मीटर हिरवं मी नाही घेणार!”

“बेन, आधी चहा घ्या,” म्हणत जुसबभाई छपाईवाल्यांनी कापड वाऱ्यावर पसरलं.

मी बशी तोंडाला लावली, तेवढ्यात कापडाची कड निळसर झाली. बशी रिकामी होईतो सगळं कापड निळंशार. कुणी बोटही लावलं नव्हतं.

“हवा लागली की नीळ उमलते,” जुसबभाई म्हणाले आणि त्यांनी भाव सांगितला.

मी सावरून बसलो. सांगितल्या भावात माझ्या बायकोने आजवर कोथिंबीरसुद्धा घेतलेली नाही.

“तुम्ही म्हणाल तो,” ती पुटपुटली.

मी खाली पाहिलं. देवळात काढाव्यात तशा चपला तिने केव्हाच काढून ठेवल्या होत्या.