गोधडीखालचा रिमोट

“रिमोट टीव्हीकडे धरा की, पप्पा. छताला काय दाखवताय?” मी ओरडलो.

ताई माझ्यावरच उखडली. “लकवा मारलाय त्यांना. वाचा गेली, मनगट उचलवत नाही. दिसत नाही का तुला?”

दिसत होतं. तिला न दिसलेलंही दिसत होतं. पप्पांचा अंगठा अजून हलत होता.

दुसऱ्या दिवशी दुकानदारानं दोन रिमोट पुढे टाकले. “हा साधा, इन्फ्रारेडचा. टीव्हीवर नेम धरावा लागतो. हा रेडिओ लहरींचा. टीव्हीला ही रिसीव्हरची खुट्टी लावली की गोधडीतूनसुद्धा चालतो.”

“साधाच घे,” ताई म्हणाली. “त्यांना कुठं काय बघायचंय?”

मी तिचं ऐकलं नाही. रेडिओवाला घेतला आणि गोधडीखाली त्यांच्या अंगठ्याशी ठेवला.

त्याच दुपारी मी अंगणात बाईक धूत होतो, तर आत टीव्हीचा आवाज वाढतच चालला. शिव्या घालत आत गेलो. पप्पा उताणे पडले होते, लाळ घशात अडकून तोंड निळं पडलेलं. कुशीवर वळवलं तेव्हा श्वास आला. मला तेव्हा कळलं, ते हाक मारत होते.

तेव्हापासून आवाज चढला की घरातलं जे असेल ते धावतं. ताईसुद्धा.

आज ताई बाजारात गेलीय. मी दारात बसून तुम्हाला हे सांगतोय. आत्ता आत बातम्यांचा आवाज दोनदा वाढला आणि तिथंच थांबला. पुढं वाढतच नाहीये. मला जायला पाहिजे.