माझ्याकडे बघू नकोस

"सुनीती, कोर्टात फोन बंद करायला लावतील," सुशांत बायकोच्या कपात चहा ओतत म्हणाला. "काझी विचारतील तेवढंच सांग. जे पाहिलंस तेच. आणि माझ्याकडे बघू नकोस."

बांधकाम कंपनी म्हणत होती, तिचा कामगार झयान स्वतःच्या खोलीत घसरून पडला. त्याला सौदीतल्या जुबैलच्या दवाखान्यात आणलं तेव्हा ड्यूटीवर नर्स सुनीती होती. साक्षीला उभी राहून ती म्हणाली, "त्याच्या कमरेला कामावरचा सेफ्टी बेल्ट होता, तुटलेला. मीच तो कापून काढला."

काझींनी कंपनीचं म्हणणं विचारलं. कंपनीचा सेफ्टी मॅनेजर उभा राहिला. सुशांतच.

"तुझा इकामा कंपनीच्या हातात आहे, या देशात राहता येणार नाही," कंपनीचा वकील कुजबुजला.

"साक्षीदार खरं बोलतेय," सुशांत काझींना म्हणाला. "झयान आमच्या स्कॅफोल्डिंगवरून पडला."

आता मात्र सुनीतीने खुशाल त्याच्याकडे बघितलं.