वहिनी पुढे गेल्या
इंग्रजांनी खणलेल्या आणि पुणेकरांनी निर्माल्याने भरत आणलेल्या कालव्याकाठी श्रीनिवासराव वर्षानुवर्षं बायकोच्या मागेच चालले. तिची चाल झपाट्याची, यांची भाजी निवडल्यासारखी. भाद्रपदात ती वारली. दसरा झाल्यावर आज ते प्रथमच एकटे फिरायला निघाले. बाकावर आगाशे भेटले, अमेरिकेतल्या मुलाकडून कालच परतलेले; त्यांना कुणी काही कळवलं नव्हतं. “काय हो, आज वहिनी कुठायत?” ‘गेली’ एवढंच सांगायचं होतं. पण श्रीनिवासरावांच्या तोंडून निघालं, “पुढे गेली.” “मग गाठा की. बायको पुढे गेली तरी तुमचं आपलं निवांत. पाय उचला जरा.” श्रीनिवासरावांनी खरोखरच पाय उचलले. जन्मात कधी चालले नव्हते इतक्या वेगाने वळणापर्यंत गेले आणि आगाशे दिसेनासे झाल्यावर थांबले. खिशात घराची किल्ली टोचत होती. घरी आधी बायको पोचायची, म्हणून किल्ली तिच्याकडे असायची.