लाल फीत

"वयावरून सोळा किलो धरा ना, मॅडम," सिस्टर म्हणाल्या आणि डॉक्टर श्वेताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कामठीची चार वर्षांची पोर जुलाबांनी चिपाड झाली होती. सलाईन किती, ते वजनावरून ठरतं. जास्त गेलं तर छातीत पाणी भरतं. वॉर्डाच्या दारातच नवाकोरा वजनकाटा लाल फीत बांधून उभा! उद्घाटनाला आमदारांना सवड नव्हती. "काटा तं समोर हाय," आई म्हणाली. "मंग माह्या पोरीचं वजन काहून करून नाही राहिले?" श्वेतानं ड्रेसिंगची कात्री उचलली, फीत कापली, पोरीला काट्यावर ठेवलं. अकरा किलो! त्या हिशेबानं सलाईन लागलं. तेवढ्यात अधीक्षक धावत आले. "फीत कोणी कापली? आमदार निघालेत!" पोरीचा सलाईनचा हात हलू नये म्हणून पुठ्ठ्याला त्याच फितीनं बांधत श्वेता म्हणाली, "उद्घाटन झालं, सर. प्रमुख पाहुण्या अकरा किलोच्या आहेत."