मागून चालणाऱ्या बायका

सकाळी नाक्यावरून निरोप आला. गोव्याची चोरटी दारू घेऊन पळणाऱ्या गाडीने मासळी विकायला निघालेल्या माझ्या बायकोला उडवलं होतं. ती जागीच गेली.

कोर्टात पंचनाम्याचे दोन्ही पंच साक्षीतून फिरले. सरकारी वकीलबाई म्हणाल्या, "गाडी पाहिलेलं कोणी उभं राहिलं नाही, तर गाडीवाला सुटेल."

पुढच्या तारखेला, त्या दिवशी बायकोच्या मागून चाललेल्या मासेवाल्या बाजार सोडून साक्षीला आल्या. गाडीवाल्याचा माणूस व्हरांड्यात त्यांना पैसे देऊ लागला. त्यांच्यातली जयवंतीबाय म्हणाली, "आम्ही मासळी इकतव रे, साक्ष इकणव नाय."

सगळ्याजणींनी साक्ष दिली. गाडीवाल्याला शिक्षा झाली. मी सगळ्याजणींना हात जोडले.

"हात कसले जोडतंस? चाय पाज," जयवंतीबाय म्हणाली.

चहा पाजला. बायकोची मासळीची पाटी अजून कोर्टाच्या मुद्देमालात आहे. ती सोडवून आणायची राहिली आहे.