चौदावा बगळा

"चौदा," न्यान हळूच म्हणाली. "चौदा बगळे. सगळे एकाच खाचरात."

खांगने दुर्बीण उचलण्याची तसदीही घेतली नाही. "काकू, ते थर्मोकोलचे आहेत," तो म्हणाला. "त्यातल्या एखाद्याने अंडं घातलं, तर मात्र नक्की सांगा."

बांधावरचे बाकीचे तिघे हसले. हनोईच्या दक्षिणेला, नदीकाठच्या या भातखाचरांत, थंडीच्या तोंडावर असे नकली बगळे शेकड्याने रोवलेले असतात. वरून जाणारे खरे बगळे त्यांना भुलून खाली उतरतात आणि भोवती खोचलेल्या डिंकाच्या काठ्यांना चिकटतात. इथलं शेंबडं पोरही हे ओळखतं. न्यानने मात्र चाळीस वर्षं शिवणयंत्रावर मान खाली घालून काढली होती. वर बघायला ती याच महिन्यात शिकत होती.

खांगच्या पक्षिमंडळात शिरायचं म्हणजे तीन रविवार उमेदवारी. दर रविवारी दिसलेल्या पक्ष्यांच्या यादीचं एक पान आणि त्यावर खांगची सही. आज तिसरा रविवार. मंडळात आपलं नाव लागावं असं न्यानला मनापासून वाटत होतं. शिवणाचं दुकान बंद केल्यापासून तिच्याशी दिवसभरात बोलणारी एकच, भाजीवाली, आणि तीही घाईत असायची. म्हणून ती खांगचं सगळं ऐकून घेई. खांगही काय, तिशीतला पोरगा. पण वडिलांच्या पैशाची दुर्बीण गळ्यात अडकवून असा बोलायचा, जणू पक्षी त्याची परवानगी काढूनच उडतात.

शरमेने तोंड लपवायला तिने पुन्हा दुर्बीण डोळ्यांना लावली. या वेळी ती बराच वेळ पाहत राहिली.

"तेरा थर्मोकोलचे आहेत," ती म्हणाली. "कडेचा मान हलवतोय."

आता खांगने पाहिलं. "हो, बांधून ठेवलाय. बांधलेला पक्षी यादीत धरत नाहीत. चला, अजून नदीचं वळण गाठायचंय. ऊन चढलं की तिथे काही दिसणार नाही."

"पण तो जिवंत आहे."

"काकू, आपण पक्षी बघायला आलोय. खाली उतरलात तर आजचं पान सहीविना राहील, आधीच सांगून ठेवतो."

न्यानने बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरली.

"झालं," मागून कुणीतरी म्हणालं, "काकू आता भात लावूनच येणार."

खाचराच्या दुसऱ्या टोकाला ताडपत्रीखाली पारधी थिन बसला होता. तो ओरडला नाही की पळाला नाही. आरामात उठून येईपर्यंत न्यानने बगळ्याच्या पायाची दोरी सोडवली होती आणि त्याला हातात घेतलं होतं. त्याच्या दोन्ही पापण्या काळ्या दोऱ्याने शिवलेल्या होत्या.

"हे कुणी शिवलं?" तिने विचारलं.

"बायकोने," थिन म्हणाला. "डोळे उघडे राहिले तर धडपडतो. मग वरचे खाली उतरत नाहीत."

"असला गचाळ टाका! माझ्या दुकानात मी हिला झाडायलाही ठेवली नसती."

थिन खो खो हसला. "बाई, बुधवारी तुमच्यासारखीच एक मोटारीतून आली होती. साठ बगळे घेऊन गेली. लग्न होतं म्हणे. तिने एकाचाही डोळा पाहिला नाही. तुम्ही काय, कधी खाल्लाच नाही?"

खाल्ला होता. भाच्याच्या लग्नात, लिंबाच्या पानांत परतलेला. आचाऱ्याची तारीफ करून तिने दुसऱ्यांदा वाढून घेतला होता. न्यानला स्वतःची किळस आली.

"न्यायचा तर न्या," थिन म्हणाला. "उद्या दुसरा शिवू."

ती बांधावर येऊन टेकली. गळ्यातल्या रुमालात बगळ्याला गुंडाळून मांडीवर घेतलं आणि पर्समधून धागे कापायची बारकी कात्री काढली. डाव्या डोळ्याला तीन टाके होते. तिसरा कापला तशी पापणी वर गेली. बगळ्याने तिच्याकडे पाहिलं आणि जीव खाऊन चोच मारली. मनगटातून रक्त आलं. मारणारच, तिला वाटलं. डोळा उघडल्यावर पहिलं दिसलं ते माणूसच.

तेवढ्यात खांग बांधावरून पळत आला. हातात कॅमेरा होता.

"ताई, कमाल केलीत तुम्ही!" काकूची ताई कधी झाली, हे त्यालाही कळलं नसावं. "जरा वर धरा त्याला. मागे ते थर्मोकोलचे येऊ देत. संध्याकाळपर्यंत हजारो लोक बघतील. मंडळाचं नाव होईल."

त्याने खिशातून तिचं पान काढलं, पेनाचं टोपण दातात धरलं आणि गुडघ्यावर ठेवूनच सही ठोकली. "हे बघा. झालात तुम्ही आमच्यातल्या. आता थोडं हसा."

बाकीचे तिघेही धावत येऊन तिच्या मागे ओळीने उभे राहिले. एकाने केसांवरून हात फिरवला. खांग कॅमेरा डोळ्याला लावून अगदी तिच्यावर वाकला आणि त्याची सावली बगळ्याच्या डोक्यावर पडली.

"बाजूला हो," न्यान म्हणाली. "टाका दिसत नाहीये."

"एकच मिनिट, ताई. वर धरा ना."

न्यानने बगळ्याला उराशी धरलं, चौघांकडे पाठ फिरवली आणि दुसरा डोळा उसवायला घेतला.